केतकीताईंची अडखळणारी गोळी

किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. एका स्टुलावर बरीच वर्षं गप्प बसून राहा, ते आपण होऊन पायाशी येऊन साचतात, धूळ साचते तसे. धूळ मी रोज झाडतो, ते माझं कामच आहे. किस्से मात्र झाडायचे राहून गेले आणि आता ढीग झालाय. सावकाश सांगतो, घाई मला जमत नाही.

कर्जतहून खालापूरकडं जाताना एक इंजिनियरिंग कॉलेज लागतं. त्याच्या अगदी मागच्या टोकाला, जिथं कंपाउंड संपतं आणि भाताची खाचरं सुरू होतात, तिथं दोन खोल्यांची आमची लॅब. मी तिथला अटेंडंट. शाळेत मी कधी गेलो नाही. अक्षरं शिकलो ती लॅबमध्येच. वर्तक मॅडमनी माझ्यासाठी बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या वाचत वाचत. त्यामुळं स्वतःचं नाव लिहायच्या आधी मला सोडियम लिहिता यायला लागलं.

वर्तक मॅडम लॅबच्या मुख्य. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या केतकीताई, नेरळहून रोज स्कूटीवर यायच्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान, पण मी त्यांना ताई म्हणतो आणि त्या मला तात्या.

ताईंचं काम सांगायला सोपं आहे. कमरेइतकी उंच काचेची नळी. तीत एक दाट, नितळ द्रव, साबणासारखा बुळबुळीत आणि जेलीसारखा थरथरणारा. त्यात मुगाच्या दाण्याहून लहान अशी पोलादी गोळी वरून सोडायची, आणि ती खाली कशी जाते त्याचे कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचे. तेलात सोडली तर गोळी सरळ खाली जाते. या द्रवात ती थोडी जाते, थांबते, काहीतरी विसरल्यासारखं करते, मग एकदम सटकते. परत थांबते.

ती का थांबते, हे ताई सहा वर्षं विचारत होत्या. थांबणं हा त्या द्रवाचाच गुण आहे, बाहेरून कुणी धक्का देत नाही, एवढं सिद्ध झालं तर त्या डॉक्टर. नाही झालं तर दिवाळीला त्यांची मुदत संपणार आणि सहा वर्षं पाण्यात. पाण्यातसुद्धा नाही, त्या जेलीत.

*

माझ्या नोकरीतलं हे काम मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायको भाकऱ्या थापत होती.

"आज काय केलंत?" तिनं विचारलं.

"नळीत गोळी सोडली. ती पडते का बघितलं."

"पडली?"

"पडली."

"मग?"

"मग चुंबकानं वर काढली नि परत सोडली."

"परत पडली?"

"पडली. पण अडखळत."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "आणि ती पोर शिकलेली हाय म्हणता."

"लय शिकलेली हाय."

"तिच्या आईबापाला ठावं हाय का, ती दिवसभर काय करते ते?"

दुसऱ्या दिवशी मी हे ताईंना सांगितलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तात्या, ठाऊक नाही. आई शेजारी सांगते, मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे."

*

एकदा मी ताईंना सरळच विचारलं, की ताई, आत हाय तरी काय ज्याला ती गोळी अडते? मला तर आरपार दिसतं.

त्यांनी मला बसवून नीट समजावलं. आत डोळ्याला न दिसणारे बारीक धागे असतात. शेवया शिजवून ठेवल्या की एकमेकींत गुंततात तसे. गोळी आली की गुंता ताणतो, गोळी अडते. जास्त ताणला की तुटतो, गोळी सटकते. पण हे धागे असे, की तुटले तरी आपले आपण परत जुळतात. म्हणून पुढं परत गुंता, परत अडणं.

मी विचार केला आणि म्हटलं, "म्हणजे लग्नात जिलबीचं ताट घेऊन वाढपी पंगतीकडं निघतो. वाटेत बायका बोलत उभ्या असतात. तो थांबतो. 'वाट द्या वाट द्या' करत घुसतो, की पाठीमागं बायका परत जुळतात नि पुढं दुसऱ्या उभ्याच."

ताईंनी वही काढली आणि ते लिहून घेतलं. पुढं एका मोठ्या परिषदेत त्यांनी इंग्रजीत हाच दाखला दिला म्हणे. प्रश्नोत्तरांत एक परदेशी गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, "जिलबी शेवटपर्यंत पोचते का?"

ताई म्हणाल्या, सहा वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

*

आता माझी चूक सांगतो. ती मी लपवत नाही, कारण लपवण्यासारखी राहिलीच नाही.

तो द्रव बनवला की चार दिवस निवांत ठेवावा लागतो. आतले बुडबुडे वर येऊन जायला हवेत. नळीवर ताईंनी चिठ्ठी लावली होती, 'हलवू नये'. मी हलवली नाही. पण उरलेला द्रव कोपऱ्यात बादलीत होता, आणि बादलीवर चिठ्ठी नव्हती.

मी बोट घालून पाहिलं. बुळबुळीत. वास घेतला. मला वाटलं, साबणाचं पाणी आहे, चार दिवसांचं पडलंय, वाया कशाला घालवा. सगळा व्हरांडा मी त्यानं पुसून काढला. खोटं नाही सांगत, फरशी अशी चमकली होती की वरची ट्यूबलाईट खाली दिसत होती.

तेवढ्यात प्रिन्सिपॉल सर पाहुण्यांना लॅब दाखवायला घेऊन आले. सर पुढं होते. त्यांनी व्हरांड्याच्या दारातून आत एक पाऊल टाकलं आणि दुसरं टाकायची गरजच पडली नाही. सर उभेच्या उभे, हात मागं बांधलेले, दारापासून पाण्याच्या कूलरपर्यंत गेले. कूलरला मिठी मारून थांबले. पाहुण्यांना वाटलं, इथं असंच चालतात.

केतकीताई आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी रिकामी बादली पाहिली, फरशी पाहिली, कूलरला धरलेले सर पाहिले. मला वाटलं, आता विचारतील, सर लागलं का.

त्या म्हणाल्या, "सर, मध्ये कुठे थांबलात का? अडखळलात का?"

"नाही," सर म्हणाले. "सरळ आलो."

"नक्की?"

"नक्की."

"पातळ थरात वेगळं वागतंय," असं स्वतःशी पुटपुटत ताई आत गेल्या आणि लिहायला बसल्या. सरांना मी आणि दोन पाहुण्यांनी मिळून भिंतीच्या कडेकडेनं बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी बादलीवर मॅडमच्या हातची चिठ्ठी होती. 'ही बादली नाही, प्रयोग आहे.'

*

म्हशींचा किस्सा याच्या पुढच्या उन्हाळ्यातला.

ताईंची गोळी दिवसभर एका तऱ्हेनं अडखळायची, पण सकाळी अकराच्या सुमाराला तिला एकदम मोठा हिसका बसायचा. रोज. अकरा वाजून गेले की परत आपली नेहमीसारखी. मॅडम आणि ताई तीन आठवडे त्याच्या मागं लागल्या होत्या. फळ्यावर गणितं. ऊन वाढतं म्हणून द्रव तापतो का, अकराला कॅन्टीनची मोटर लागते म्हणून वीज कमी होते का. एक खिडकी कागद लावून बंद केली. एक दिवस सगळ्या कॉलेजची वीज घालवून पाहिली. गोळीला अकरा वाजता हिसका बसलाच.

मी स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होतो. शेवटी मॅडम थकून खुर्चीत बसल्या आणि सहज म्हणाल्या, "अकरा वाजता असं होतं तरी काय इथं?"

"काय नाय," मी म्हणालो. "बारकूच्या म्हशी येतात तेवढंच."

"कुठे येतात?"

"मागं. तळ्यावरून येतात नि आपल्या भिंतीला अंग घासतात. या कपाटाच्या मागंच."

लॅबमध्ये एवढी शांतता झाली की मागून घासल्याचा आवाज ऐकू आला. पावणेअकरा झाले होते. त्या दिवशी जरा लवकर आल्या असाव्यात.

"तात्या," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"सात वर्षं घासतात."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी गोळीचं विचारत होता, ताई. म्हशींचं कुणी विचारलंच नाय."

मग बारकूशी बोलणी झाली. तो कंपाउंडच्या पलीकडं उभा राहून ऐकत होता. मॅडमनी त्याला चांगलं समजावलं, की आमचं फार नाजूक काम चाललंय, म्हशी दुसरीकडं न्या.

"मॅडम," बारकू म्हणाला, "खाजवायचं कुठं ते म्हस ठरवते. मी फक्त मागनं चालतो."

शेवटी मी शेताच्या बांधावर एक सागाचा खांब रोवला, खरबरीत सालीसकट. पहिले दोन दिवस म्हशींनी त्याच्याकडं संशयानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी थोरलीनं पाठ लावून पाहिली, आणि मग रांग लागली. अकराचा हिसका गेला. ताई मात्र प्रामाणिक. त्यांनी पीएचडीच्या पुस्तकात हे सगळं खरं खरं लिहून टाकलं, म्हशींच्या संख्येसकट. मॅडम म्हणत होत्या, नको लिहूस, महागात पडेल.

*

चिखलाचं राहिलंच. माझा मेव्हणा दत्तू कडावला असतो. लावणीच्या आधी खाचरात चिखल करताना त्याचा ट्रॅक्टर रुतला. मी लॅबमध्ये बोलता बोलता म्हणालो, रुतला तेव्हा चिखल पातळ होता, आता घट्ट धरून बसलाय. ताईंचे डोळे चमकले.

"तात्या, चिखल आमच्यातलाच आहे," त्या म्हणाल्या. "हलवला की पातळ होतो, सोडला की घट्ट होतो. चला, बघूया."

शेतावर पोचल्यावर त्यांनी दत्तूला बांधावर उभं करून अर्धा तास समजावलं. दत्तू भला माणूस, मान हलवत होता. मग ताई म्हणाल्या, "मी दाखवतेच," आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरल्या. चार पावलं झकास गेल्या. पाचव्याला बोलण्याच्या नादात उभ्या राहिल्या, आणि मग त्या उभ्याच राहिल्या.

"ओढू का?" दत्तूनं विचारलं.

"थांबा. घड्याळ बघतेय. किती वेळात किती घट्ट होतो ते कळेल."

दत्तू बांधावर बसला. मी बसलो. त्यानं मला तंबाखू दिली. शेजारच्या शेतातल्या बायका लावणी थांबवून कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांतली एक ओरडली, "दत्तूभावजी, पाहुणीला का रोवलंय?"

"रोवली नाय," दत्तू म्हणाला. "ती मोजतेय."

वीस मिनिटांनी ताई म्हणाल्या, आता ओढा. चौघांनी ओढल्या. ताई आल्या, एक चप्पल नाही आली. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रॅक्टरनं काढला. दत्तू अजून त्या जागेला केतकीचा कोपरा म्हणतो.

*

पावसाळा सरत आला तसं ताईंचं हसणं कमी होत गेलं. पुस्तक तपासायला लांबच्या एका मोठ्या प्रोफेसरांकडं पाठवलं होतं. त्यांचं पत्र आलं. मॅडमनी ते आम्हाला मराठीत सांगितलं. त्या प्रोफेसर सरांनी लिहिलं होतं, की काम चांगलं आहे, पण ज्या लॅबच्या निकालात म्हशी सापडल्या, तिथं अजून काय काय असेल. रस्त्यावर खडीचे डंपर चालतात. गोळी कशावरून त्यांच्या हादऱ्यानं थांबत नाही? मी दसऱ्यानंतर स्वतः येऊन बघेन. पटलं तर सही, नाही तर नाही.

हादरा न लागणारं टेबल मिळतं. पण ते बाहेरून मागवायचं, यायला आठ महिने. दिवाळीला उरले होते दोन.

ताई त्या दिवशी डबा न खाताच बसून होत्या. मॅडमनी दोनदा सांगितलं, खाऊन घे गं. त्या म्हणाल्या, "म्हशींचं लिहायलाच नको होतं."

मी म्हटलं, "ताई, आमचं घर रस्त्याला लागून हाय. डंपर गेला की फळीवरची भांडी वाजतात. पण शिंक्यातलं दूध हलत नाय."

"कशातलं?"

"शिंक्यातलं. आढ्याला टांगतो ते. उंदीर-मांजराच्या भ्यानं."

ताई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग मॅडमकडं बघितलं. मॅडमनी वर छताकडं बघितलं. छताला एकच मजबूत हूक होता आणि त्याला पंखा होता.

मी पंखा उतरवला. सुंभाचे चार पदर घेऊन दोन दिवसांत मोठं शिंकं विणलं. नळी, कॅमेरा, खाली एक जड लादी, सगळं त्यात टांगलं. बायको मुद्दाम बघायला आली. तिनं गाठी ओढून पाहिल्या, दोन सोडवून परत बांधल्या आणि म्हणाली, "आता पडायची नाय. गोळीचं मला म्हाईत नाय, पण नळी पडायची नाय."

डंपर गेला. टेबलावरचे चमचे वाजले. शिंक्यातला द्रव शांत. ताईंनी गोळी सोडली. ती थोडी गेली, थांबली, सटकली, परत थांबली. ताईंनी डोळे पुसले. घाम होता की काय ते मी विचारलं नाही. पंखा नव्हताच.

त्याला इंग्रजीत त्यांनी ओळभर लांब नाव दिलं. शिंक्याला ते पेलेल की नाही अशी मला काळजी वाटली. मॅडमना अजून धाकधूक होती, की एवढे मोठे सर येणार आणि आपण त्यांना शिंकं दाखवणार. मीही आतून घाबरलोच होतो. कॉलेजची मांजर मात्र तीन दिवस त्याच्या खाली मान वर करून बसून होती. शिंक्यात ठेवलंय म्हणजे नक्कीच मोलाचं असणार, अशी खात्री तेव्हा तिला एकटीलाच होती.

*

दसऱ्यानंतर प्रोफेसर सर आले. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले, नळी दाखवा म्हणाले. मग स्वतःच एक ग्लास पाणी मागितलं. आम्हाला बरं वाटलं, पण त्यांनी तो प्यायला नाही, जमिनीवर ठेवला. डंपर गेला की ग्लासातलं पाणी थरथरायचं आणि सर वर शिंक्याकडं बघायचे. असे पाच डंपर गेले. ताईंनी पाच वेळा गोळी सोडली. पाचही वेळा ती आपली थांबत थांबत गेली.

"ठीक," सर म्हणाले. "आता हीच गोळी, याच टांगणीत, साध्या दाट द्रवात सोडा. तिथं सरळ गेली, तर मानेन की अडखळणं तुमच्या द्रवाचंच आहे."

ताई कपाटाकडं वळल्या.

"तुमच्या कपाटातलं नको," सर म्हणाले. "बाहेरचं काहीतरी आणा. आत्ता."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, कॅन्टीनमध्ये सॉस हाय. ताई घाईघाईनं म्हणाल्या, "सॉस नको तात्या, सॉस आमच्यातलाच आहे."

मग मला फाट्यावरची जनाबाई आठवली. डोंगरावरच्या वाडीतून ती मध घेऊन येते आणि वडाखाली बसते. मी गेलो आणि तीन बाटल्या मागितल्या.

"एकदम तीन? घरी कार्य हाय काय, तात्या?"

"नाय गं. त्यात गोळी सोडायचीय."

"माझ्या मधात?"

"पोलादाची हाय. परत काढणार."

जनाबाईनं टोपली उचलून डोक्यावर घेतली. "चला," ती म्हणाली. "काय करता ते मी बघणार."

अशी ती परीक्षेला आली. सरांनी तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, "इथंच बरं हाय, खालून नीट दिसतं," आणि भिंतीला टेकून बसली.

दुसरी नळी मधानं भरली, शिंक्यात टांगली. बुडबुडे वर जाईपर्यंत अर्धा तास थांबलो. मग ताईंनी गोळी सोडली. मधात गोळी फार हळू जाते. मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या, त्यांना बघवत नव्हतं. ती गोळी मध्ये जरा जरी थांबली असती, तरी सगळं संपलं असतं.

"थांबायची नाय," जनाबाई म्हणाली.

"शू," सर म्हणाले.

"मी पाणी घालीत नाय, गूळ घालीत नाय. ती थांबंल कशाला?"

गोळी कुठंही न थांबता, एका चालीनं, तळाला जाऊन टेकली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खिशातून पेन काढलं आणि सही केली. "अभिनंदन, डॉक्टर," ते म्हणाले.

ताई तिथंच खाली बसून रडायला लागल्या. जनाबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "यवढ्यासाठी जीव टांगून बसली होतीस होय गं? आधी सांगायचं. मी तर रोज फाट्यावर असते."

सर जाताना मधाच्या दोन बाटल्या घेऊन गेले. जनाबाईला काय हवं असं ताईंनी विचारलं. तिनं एक नळी, एक गोळी आणि गोळी काढायचं चुंबक मागून घेतलं.

आठवड्याभरात फाट्यावर गाड्या थांबायला लागल्या. माथेरानला जाणारे, फार्महाऊसवाले. जनाबाई नळीत मध भरून ठेवायची आणि सगळ्यांसमोर गोळी सोडायची. "बघा, सरळ जातेय का नाय. मोठ्या सायबानं बघून सही केलीय." शेजारी रानमेवा विकणाऱ्या बाईलाही गिऱ्हाईकं विचारायला लागली, तुमच्याकडं गोळी नाही का?

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली, मधाला रवा धरायचे दिवस आले. डॉक्टर केतकीताई मला पेढे द्यायला आल्या, आणि जनाबाईला द्यायला म्हणून आम्ही दोघं सकाळीच फाट्यावर गेलो. तिच्याभोवती एका गाडीतलं अख्खं कुटुंब उभं होतं. तिनं ताईंना पाहिलं, हसली, आणि ऐटीत गोळी सोडली.

गोळी थोडी गेली. थांबली.

आम्ही सगळे वाकलो. ती सटकली, बोटभर खाली गेली, आणि परत थांबली.

जनाबाईनं ताईंकडं पाहिलं. ताईंनी जनाबाईकडं पाहिलं. माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

"ही थांबतेय," गाडीवाले गृहस्थ म्हणाले. "का थांबते?"

"दमली असंल," जनाबाई म्हणाली. "सकाळपासनं नऊदा उतरलीय."

गृहस्थांना ते काही पटलेलं दिसलं नाही. ते ताईंकडं वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. असं असतं का हो?"

डॉक्टर केतकीताईंनी पेढ्यांचा बॉक्स या हातातून त्या हातात घेतला.

"होतं कधीकधी," त्या म्हणाल्या.